मिठागरांच्या गावात मातीविना पालक

मीरा-भाईंदरचा जुना धंदा मिठाचा. भरतीचं पाणी मिठागरात घ्यायचं, उन्हात आटवायचं आणि तळाशी धरलेलं मीठ ओढून काढायचं. पाण्यात किती क्षार विरघळलेत, हे ओळखण्यावर हा सगळा धंदा उभा होता. पाण्याची घनता बोमे मापाने पंचवीस अंशांच्या आसपास आली की मीठ धरायला लागतं. त्याच्या आधी जिप्सम खाली बसून जातं. आता या खाडीकाठच्या गावांत बहुमजली इमारती उभ्या आहेत आणि तिथल्या खिडकीत हेच गणित उलट बाजूने मांडता येतं. क्षार मोजून पाण्यात विरघळवायचे आणि त्या पाण्यावर भाजी वाढवायची. यालाच हायड्रोपोनिक्स म्हणतात.

हाटकेश हा मीरा रोड पूर्वेचा भाग. एका बाजूला उद्योगनगरातले गाळे, दुसऱ्या बाजूला सोसायट्या. अंगण नावाची गोष्ट इथे नाही. असते ती खिडकीची ग्रिल, फार तर चार फुटांची गॅलरी. तिथे मातीच्या कुंड्या ठेवायच्या म्हणजे वजन आलं, चिखल आला आणि खालच्या मजल्याशी भांडण आलं. कुंडीतून झिरपलेलं लाल पाणी कुणाच्या वाळत घातलेल्या चादरीवर पडलं की सोसायटीच्या मीटिंगमध्ये तो विषय निघतोच. बाजारच्या पालेभाजीबद्दल मनात शंका असते ती वेगळीच. लोकलच्या खिडकीतून रुळांलगतचे भाजीचे वाफे सगळ्यांनी पाहिलेत. रेल्वेने ‘ग्रो मोअर फूड’ योजनेखाली आपल्याच कर्मचाऱ्यांना कसायला दिलेल्या त्या पट्ट्या, आणि पाणी बऱ्याच ठिकाणी शेजारच्या नाल्याचं. मग घरातच चार जुड्या पिकवता आल्या तर काय हरकत आहे, असा विचार येणं साहजिक आहे.

मातीशिवाय झाड जगतं कसं, हा प्रश्न साडेतीनशे वर्षांहून जुना आहे. यान बाप्टिस्टा व्हॅन हेल्माँट या फ्लेमिश वैद्याने दोनशे पौंड कोरडी माती तोलून कुंडीत भरली आणि तीत विलोचं पाच पौंडांचं रोप लावलं. पाच वर्षं फक्त पाणी घातलं. झाड १६९ पौंडांचं झालं आणि माती घटली जेमतेम दोन औंस. हा प्रयोग १६४८ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर, छापला गेला. झाड निव्वळ पाण्याचं बनतं, असा निष्कर्ष त्याने काढला. तो अर्धाच खरा होता, कारण हवेतल्या कार्बनचा हिशेब त्याला ठाऊक नव्हता. पुढे १६९९ मध्ये इंग्लंडच्या जॉन वुडवर्डने पुदिना वेगवेगळ्या पाण्यांत वाढवून पाहिला. पावसाच्या पाण्यात तो रोडावला, बागेची माती कालवलेल्या पाण्यात तरारला. म्हणजे माती झाडाला उभं राहायला आधार देते आणि शिवाय पाण्यात काहीतरी सोडते. ते ‘काहीतरी’ नेमकं काय, याची यादी १८६० च्या दशकात युलियस साक्स आणि विल्हेल्म क्नॉप या जर्मन शास्त्रज्ञांनी बरीचशी पुरी केली. आज ही यादी सतरा मूलद्रव्यांची आहे. त्यातली कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन ही तीन हवा-पाण्यातून मिळतात. उरलेली चौदा मुळांना पाण्यातून पुरवली की मातीचं काम भागतं.

प्रयोगशाळेतली ही युक्ती शेतीत आणण्याचं श्रेय कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या विल्यम गेरिकेला. १९२९ च्या सुमारास त्याने टाक्यांत टोमॅटो लावले. वेल पंचवीस फुटांपर्यंत चढले, वर्तमानपत्रांत गाजले आणि उत्साही मंडळींची झुंबड उडाली. मग त्याच विद्यापीठातल्या डेनिस होगलंड आणि डॅनियल आर्नन यांनी १९३८ मध्ये एक पुस्तिका काढून गाडी रुळावर आणली. त्यांचं म्हणणं साधं होतं: चांगल्या मातीत जेवढं पिकतं, त्याहून पाण्यात फार जास्त पिकत नाही, माती नसेल तिथे मात्र ही पद्धत उपयोगी आहे. त्यांनी दिलेला पोषकद्रव्यांचा फॉर्म्युला ‘होगलंड द्रावण’ म्हणून आजही जगभर वापरतात. आणि तो इशाराही, मोठमोठ्या जाहिराती पाहता, आज जसाच्या तसा लागू आहे.

भारतात ही विद्या आली ती बंगालमार्गे. जेम्स शोल्टो डग्लस या इंग्रजाने १९४६ पासून दार्जिलिंग-कालिम्पाँग भागात प्रयोग केले आणि १९५१ मध्ये ‘बंगाल पद्धती’वर पुस्तक लिहिलं. तिचं वैशिष्ट्य म्हणजे पंप नाही, काचगृह नाही. खडी-वाळूचे वाफे करायचे, कोरडी खतं पसरायची आणि वरून पाणी शिंपायचं. गरीब देशाला झेपेल अशी ही रीत होती. आज शहरात हायड्रोपोनिक्स म्हटलं की डोळ्यांसमोर जांभळ्या दिव्यांच्या कपाटांचं चित्र येतं. डग्लसच्या साधेपणाची आठवण त्यामुळे जास्तच ठेवावी लागते.

महाराष्ट्रात या शब्दाची ओळख झाली ती भाजीपेक्षा चाऱ्याने. २०१२ नंतरच्या दुष्काळी वर्षांत अनेक पशुपालकांनी बांबू आणि शेडनेटचे मांडव करून ट्रेमध्ये मक्याचा हायड्रोपोनिक चारा घेतला. एक किलो मक्यापासून आठवड्याभरात पाच-सहा किलो हिरवा चारा! आकडा ऐकून भले भले भुलले. पण वाढलेलं वजन बहुतेक पाण्याचंच असतं. दाण्यातला कोरडा भाग उगवताना उलट थोडा घटतो. जनावराला हिरवं, रसरशीत खायला मिळतं हा फायदा खरा, पण एका किलोचे सहा किलो होण्यात जादू कसलीच नाही. नवरात्रात घटाभोवती पेरलेलं धान्य नऊ दिवसांत वीतभर वाढतं, तेही दाण्यातल्या शिदोरीवरच. त्यानंतर रोपाला बाहेरून अन्न लागतं, आणि हायड्रोपोनिक्सचा खरा कस तिथून पुढे लागतो.

भाजीच्या बाबतीत जवळची उदाहरणं दोन. गोव्यात म्हापशाजवळ करासवाड्याला अजय नाईक या सॉफ्टवेअर अभियंत्याने ‘लेटसेट्रा अॅग्रीटेक’ हे बंदिस्त शेत उभारलं. अंधेरीत साकिना राजकोटवाला आणि जोशुआ लुइस यांनी ‘हर्बिव्होर फार्म्स’ काढलं. दोन्हीकडे भर लेट्यूससारख्या सॅलडच्या पानांवर, आणि आत हवामान ताब्यात ठेवलेलं. घरी करू पाहणाऱ्याने ही शेवटची गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. कोकणपट्टीच्या उन्हाळ्यात लेट्यूस जगवायचं तर गारवा विकत घ्यावा लागतो. तो ज्याला घ्यायचा नाही, त्याने पीक बदलावं.

याचं कारण पाण्यातल्या हवेत आहे. मुळांनाही श्वास घ्यावा लागतो. वीस अंश सेल्सियसच्या गोड्या पाण्यात लिटरमागे साधारण नऊ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो. तीस अंशांना तो साडेसातवर येतो. त्याच वेळी गरमीमुळे मुळांची ऑक्सिजनची भूक वाढलेली असते. भरीला पिथियमसारखी बुरशी कोमट, हवा कमी असलेल्या पाण्यात फोफावते आणि पांढरीशुभ्र मुळं चार दिवसांत तपकिरी, बुळबुळीत होऊन जातात. पानं मात्र तहानल्यासारखी मलूल दिसतात, म्हणून माणूस आणखी पाणी ओततो आणि उरलीसुरली मुळंही बुडवतो.

तेव्हा सुरुवात पंप, पाइप आणि टायमरपासून करू नये. हवाई विद्यापीठाच्या बर्नार्ड क्रॅटकी यांनी एक पद्धत रुळवली आहे, ती वीज गेली तरी चालते. झाकणबंद डब्यात पोषक पाणी भरायचं, झाकणाला भोकं पाडून त्यांत जाळीच्या छोट्या कुंड्या बसवायच्या आणि पाण्याची पातळी कुंडीचा तळ जेमतेम भिजेल इतकीच ठेवायची. रोप पाणी पिईल तसतशी पातळी उतरते, वर हवेची पोकळी तयार होते. त्या पोकळीत लोंबणारी मुळं दमट हवेतून ऑक्सिजन घेतात, खालची मुळं पाणी आणि अन्न घेतात. सगळी मेख या पोकळीत आहे. डबा रिकामा होतोय म्हणून प्रेमाने काठोकाठ भरला, की हवेला सरावलेली मुळं गुदमरलीच. पुन्हा भरायचंच झालं तर अर्ध्यापर्यंत, त्यापुढे थेंबही नको.

डबा कसला घ्यावा? बाजारात तयार किट आहेत, पण मीरा-भाईंदरमध्ये त्याहून चांगली वस्तू मासळीबाजारात मिळते: थर्माकोलचा खोका. उत्तनसारखं कोळ्यांचं मोठं बंदर याच महापालिकेच्या हद्दीत आहे. थर्माकोल ऊन अडवतो, पाणी गार राहतं, म्हणजे उन्हाळ्याची निम्मी लढाई तिथेच जिंकली. खोका साबणाने दोनदा धुऊन वाळवायचा, नाहीतर वास आणि मीठ दोन्ही राहतात. आतून काळ्या प्लास्टिकचं अस्तर घालायचं, कारण जुना खोका गळतो आणि उजेड आत शिरला तर शेवाळ माजतं. झाकणाला दोन इंचांची सहा भोकं पुरेत. जाळीच्या कुंड्या, म्हणजे नेट पॉट, ऑनलाइन मिळतात. नसले तर तळाला आणि बाजूंना भोकं पाडलेला कागदी पेला महिनाभर तग धरतो. त्यात कोकोपीट भरायचं, तेही आधी दोन-तीन पाण्यांतून धुऊन, कारण नारळाच्या काथ्यात बऱ्याचदा मीठ असतं. वीस लिटर पाणी म्हणजे वीस किलो वजन, हे विसरून खोका गंजलेल्या ग्रिलवर मात्र लटकवू नये. गॅलरीचा कोपरा किंवा खिडकीचा ओटा बरा.

आता पाणी. मीरा-भाईंदरला येणारं नळाचं पाणी मुख्यतः स्टेम प्राधिकरण आणि एमआयडीसीचं, म्हणजे मुळात उल्हास नदीचं. या कामाला नदीचं पाणी सहसा चांगलं. बादलीत रात्रभर उघडं ठेवलं की क्लोरीनही बराचसा उडून जातो. भीती असते ती बोअरवेलची आणि कुठून भरलाय ते माहीत नसलेल्या टँकरची. खाडीकाठच्या बोअरला खारटपणा असतो, आणि पाण्यात आधीच साधं मीठ असेल तर वरून कितीही उत्तम खत घाला, मुळं हैराण होतात. हे ओळखायला टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, मोजणारा मीटर हवा. पेनाएवढं हे यंत्र वॉटर प्युरिफायरवाला येताना खिशात घालून येतो तेच. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाने टीडीएसची इष्ट मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम ठेवली आहे, दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत सूट आहे. हायड्रोपोनिक्सला मूळ पाणी दोनशेच्या आत असलं तर उत्तम, पाचशेच्या वर असलं तर नाद सोडावा. आरओ यंत्रातून बाहेर टाकलेलं पाणी ‘वाया जातं’ म्हणून इथे वापरायचा मोह अनेकांना होतो. ते वापरू नये, गाळलेले सगळे क्षार त्यातच गोळा झालेले असतात.

खताबाबत नाशिक-सांगलीचे द्राक्ष बागायतदार शहरी हौशांच्या कितीतरी पुढे आहेत. विद्राव्य खतं ड्रिपमधून सोडणं, कॅल्शियम नायट्रेट वेगळं देणं, चिलेटेड सूक्ष्म अन्नद्रव्यं हे त्यांच्या रोजच्या बोलण्यातले शब्द. शहरातला माणूस मात्र कृषी सेवा केंद्रात जाऊन ‘एकोणीस-एकोणीस-एकोणीस’चं पाकीट आणतो आणि एवढ्यावर भागेल असं समजतो. त्या खतात नत्र, स्फुरद, पालाश आहेत, पण नत्राचा मोठा वाटा युरियाच्या रूपात असतो. मातीतले जिवाणू युरिया मोडून मुळांना घेता येईल असा करतात. स्वच्छ पाण्याच्या खोक्यात ते जिवाणू जवळजवळ नसतातच. कॅल्शियमही त्यात नसतं. शेणाचं पाणी किंवा जीवामृत घालणं तर थेट खोका नासवणं होय; मातीत जे अमृत, ते बंद डब्यात घाण वास सोडतं.

म्हणून नवख्याने हायड्रोपोनिक्ससाठी खास मिळणारी ‘ए’ आणि ‘बी’ अशी जोडी घ्यावी. दोन बाटल्या का, याचं उत्तर मिठागरातच आहे. एका बाटलीत कॅल्शियम असतं, दुसरीत सल्फेट आणि फॉस्फेट. दाट अवस्थेत दोन्ही एकमेकांवर ओतली की पांढरा गढूळपणा येतो आणि तळाशी साका बसतो. त्यात जिप्सम असतं, मिठागरात मिठाआधी खाली बसतं तेच. एकदा साका झाला की ते अन्न रोपाच्या उपयोगाचं राहत नाही. आधी खोक्यात पाणी भरावं, त्यात ‘ए’ मिसळून ढवळावं, मगच ‘बी’ घालावं. पालेभाजीला विद्युत्‌वाहकता, म्हणजे ईसी, १.२ ते १.८ च्या दरम्यान ठेवतात. टीडीएस मीटरवर हाच आकडा साधारण ६०० ते ९०० दिसतो. काही कंपन्यांचे मीटर थोडा वेगळा गुणाकार करतात, तेव्हा माहितीपत्रक वाचावं. कोवळ्या रोपाला निम्मी मात्रा.

दुसरं मोजमाप सामूचं, म्हणजे पीएचचं. ते ५.५ ते ६.५ मध्ये असावं. त्याहून चढलं की लोह पाण्यात असूनही मुळांना घेता येत नाही, आणि कोवळी पानं शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडतात. उलट जुनी, खालची पानं सरसकट पिवळी पडत असतील तर नत्र कमी पडतंय. पानं वाचायची ही एवढी बाराखडी आली की मीटर रोज काढावा लागत नाही.

उजेडाला पर्याय नाही. पालेभाजीला दिवसाला किमान चार-पाच तास थेट ऊन हवं, आणि हाटकेशसारख्या दाट वस्तीत समोरची इमारतच ते खाते. इथे थोडा सूर्याचा अभ्यास कामी येतो. मीरा रोड सव्वाएकोणीस अक्षांशावर आहे. डिसेंबरात दुपारचा सूर्य दक्षिणेला बराच कललेला असतो, जेमतेम सत्तेचाळीस अंशांवर, त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीतून ऊन खोलवर घरात येतं. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत भर दुपारचा सूर्य चक्क उत्तरेला असतो आणि दक्षिणेच्या खिडक्या उन्हाला मुकतात. त्यात जूनपासून ढग. म्हणजे दक्षिणमुखी घराला हंगाम हिवाळ्याचा. पूर्वेच्या खिडकीला सकाळचं कोवळं ऊन मिळतं, पाणी तापत नाही, म्हणून ती जवळपास वर्षभर चालते. पश्चिमेची खिडकी मार्च ते मे फार तापते. तिथे खोक्यावर पांढरं कापड टाकावं लागतं.

पहिलं पीक पालकाचं घ्यावं. ‘ऑल ग्रीन’ हे जुनं, भरवशाचं वाण कुठल्याही बियाण्याच्या दुकानात मिळतं. पालकाचं बी म्हणून आपण पेरतो तो खरं तर दोन-तीन बियांचा खडबडीत गोळा असतो. तो रात्रभर भिजवला की आठवड्यात एकाच जागी दोन-तीन अंकुर येतात, त्यातला जोमदार एक ठेवायचा. महिन्या-सव्वा महिन्यात बाहेरची पानं खुडायला येतात, आणि मधला कोंब सांभाळला तर पुढे दोन-तीन खुडण्या मिळतात. पुदिन्याला बीही लागत नाही, भाजीवाल्याच्या जुडीतली काडी पाण्यात ठेवली तरी मुळं फुटतात. उन्हाळ्यात लाल माठ आणि चवळीचा पाला टिकतो. नाळीची भाजी तर मुळात पाणथळीचीच, तिला गरमीचं वावडं नाही. लेट्यूस हवंच असेल तर डिसेंबर-जानेवारीत. मार्च उजाडला की ते शेंडा काढतं आणि कडू होतं. टोमॅटो-मिरचीच्या वाटेला पहिल्या वर्षी जाऊ नये, त्यांना ऊनही जास्त लागतं आणि खतही.

मुंबईकरांना एक मातीवेगळी भाजी फार आधीपासून माहीत आहे. पांढरी मुळं राखून चिमुकल्या जुड्यांत विकली जाणारी समुद्रमेथी किनाऱ्याच्या रेताड जमिनीत होते. भिजवलेली मेथी ओल्या कोकोपीटवर दाट पसरली तर खिडकीतही दहा-बारा दिवसांत तशीच कोवळी मेथी मिळते, खताचा थेंब न घालता. ऊन कमी असलेल्या पावसाळ्यात हाच उद्योग बरा.

पावसाळ्याचा दुसरा धोका डासांचा. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला अंड्यापासून उडेपर्यंत आठ-दहा दिवस आणि थोडं स्थिर, स्वच्छ पाणी पुरतं. क्रॅटकीचा खोका म्हणजे त्याला घरबसल्या आमंत्रणच! झाकण घट्ट हवं, कुंडीभोवती फट राहिली तर स्पंज किंवा मच्छरदाणीचा तुकडा लावावा, आणि आठवड्यातून एकदा बॅटरी मारून आत अळ्या नाहीत ना हे बघावं. ज्याच्याकडून एवढं होणार नाही, त्याने जून ते सप्टेंबर खोका कोरडा करून माळ्यावर टाकावा.

पैशाचं काय? पाणी वाचतं, यात वाद नाही. अमेरिकेच्या अॅरिझोना राज्यातल्या लेट्यूसचा २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास सांगतो की किलोमागे शेतात साधारण २५० लिटर पाणी लागतं, हायड्रोपोनिक्समध्ये वीस. उत्पादन अकरा पटींच्या घरात. पण त्याच अभ्यासात ऊर्जेचा खर्च ८२ पट निघाला, मुख्यतः तापमान राखण्यासाठी आणि दिव्यांसाठी. खिडकीतल्या उन्हावर वाढणाऱ्या खोक्याला हा भुर्दंड पडत नाही. मात्र ज्याने अंधाऱ्या हॉलमध्ये एलईडीचं कपाट घेतलं, त्याची चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला झालाच म्हणून समजा. सहा भोकांचा एक खोका चार माणसांच्या घराला पंधरवड्यात एकदा पालकाची भाजी देईल, पुदिना-कोथिंबिरीची वरकड गरज भागवेल. भाजीवाल्याचं बिल त्याने फारसं हलणार नाही. ताजेपणा, नाल्याच्या पाण्याची धास्ती नसणं आणि घरातल्या मुलांना मुळं डोळ्यांनी पाहायला मिळणं, यासाठी हा खटाटोप करायचा असेल तर तो नक्की परवडतो.

सुरुवात दसऱ्यानंतर करावी. ऑक्टोबरची हीट ओसरत आलेली असते, ऊन दक्षिणेकडे सरकलेलं असतं आणि मार्चपर्यंत सलग पाच महिने हाताशी असतात. एकच खोका, सहा रोपं, एक मीटर. पीक संपल्यावर तळाला उरलेलं पाणी मोरीत ओतू नका; त्यात अजून खत असतं. दुप्पट साधं पाणी घालून ते सोसायटीच्या आवारातल्या झाडांना द्या.